नीळ, कोयनेल आणि भिलाईचे डांबर

भिलाईच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरवर नंदिनी नगर वसले आहे. प्राणिसृष्टीचा उदय होण्याच्या कितीतरी आधी आजच्या छत्तीसगडचा मध्यभाग उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे थर येथे जमिनीच्या पृष्ठभागाजवळच सापडतात. लोहखनिजातील आणि कोळशाच्या राखेतील वाळूसारखी अशुद्ध द्रव्ये धातुमळीच्या रूपाने वेगळी काढण्यासाठी झोतभट्टीला चुनखडी लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची ही गरज नंदिनीच्या खाणींनी दशकानुदशके भागविली. दक्षिणेकडून दल्ली-राजहराचे लोहखनिज, उत्तरेकडून नंदिनीची चुनखडी आणि पूर्वेकडून झरिया-बोकारोच्या पट्ट्यातील दगडी कोळसा, अशा तीन दिशांनी आलेल्या तीन दगडांवर भिलाई उभी राहिली.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करारावर २ फेब्रुवारी १९५५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्गचा कारभार भोपाळहून चालू लागला. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी जोडलेला हा मुलूख कागदोपत्री दूर गेला, तरी हावडा-मुंबई लोहमार्ग तोच राहिला. त्या मार्गाने आलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी पोलादाची गोष्ट नेहमीच सांगितली जाते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हेही पुष्कळांना पाठ असते. परंतु झोतभट्टीला कोक लागतो, आणि कोक हवा तर त्याआधी कोक-भट्टी पेटवावी लागते. त्या कोक-भट्टीतून बाहेर पडणाऱ्या काळ्या, उग्र वासाच्या द्रव्याची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. तिचा एक धागा जर्मनीतील प्रयोगशाळांत, एक चंपारण्यातील शेतकऱ्याच्या झोपडीत आणि एक मद्रासच्या क्षयरुग्णाच्या घरात गुंतलेला आहे.

कोक-भट्टीत कोळसा जाळत नाहीत, भाजतात. हवेचा संपर्क तोडून त्याला हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापविले म्हणजे त्यातील बाष्पशील द्रव्ये निघून जातात आणि सच्छिद्र, कठीण कोक मागे उरतो. निघून गेलेल्या बाष्पांना थंड केले की टनभर कोळशामागे तीस-चाळीस किलो डांबर हाती लागते. दगडी कोळसा हा मुळात प्राचीन वनस्पतींचा अवशेष. त्यामुळे त्यात कार्बनबरोबर शेकडा एक-दोन भाग नायट्रोजनही असतो. या नायट्रोजनाचा बराचसा भाग कोकमध्येच अडकून राहतो. काही भाग अमोनिया होऊन वायूबरोबर जातो आणि त्यापासून अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. उरलेला अल्पसा भाग कार्बनच्या अणूंशी हातमिळवणी करून वलये बनवितो. पिरिडीन, पिकोलीन, क्विनोलीन, इंडोल, कार्बाझोल ही त्या वलयांची नावे.

प्रमाण पाहिले तर ही नावे नगण्य वाटतील. टनभर कोळशामागे पिरिडीन वर्गातील द्रव्ये किलोभरही मिळत नाहीत. तीही वेगळी करायची तर युक्ती लागते. वायू गंधकाम्लातून नेला की अमोनिया आणि पिरिडीन ही दोन्ही आम्लारी द्रव्ये आम्लात अडकतात. मग त्या द्रावणात आणखी अमोनिया सोडतात. अमोनिया हा अधिक प्रबळ आम्लारी असल्यामुळे तो आम्लाला स्वतःकडे ओढून घेतो आणि दुबळे पिरिडीन मोकळे होऊन बाहेर पडते. अमोनियाच्या पाण्यात क्षाररूपाने अडकलेला भाग सोडविण्यासाठी जगभरातील कोक-कारखान्यांत कालवलेला चुना वापरण्याची जुनी पद्धत आहे. चुनखडीचे नाते असे केवळ पोलादापुरते राहत नाही.

या वलयांचा शोध भिलाईच्या सव्वाशे वर्षे आधी लागला. १८३४ मध्ये बर्लिनजवळ ओरानियनबुर्ग येथे फ्रीडलीब रुंगे हा रसायनज्ञ दगडी कोळशाचे डांबर तपासत होता. दिवाबत्तीच्या वायूच्या कारखान्यांत डांबर ही तेव्हा डोकेदुखी होती. ते टाकायचे कोठे, हाच प्रश्न असे. रुंगेला त्यात अॅनिलीन आणि क्विनोलीन सापडले. आम्लात भिजवलेल्या देवदाराच्या ढलपीला लाल रंग देणारे आणखी एक द्रव्य त्याला आढळले. त्याला त्याने अग्नीसारखा लाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पिरोल हे नाव दिले. पुढे १८५० च्या सुमारास स्कॉटलंडमधील थॉमस अँडरसन याने हाडांपासून काढलेल्या दुर्गंधी तेलातून पिरिडीन वेगळे केले.

द्रव्ये हाती आली होती, पण ती आतून कशी आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८६५ मध्ये केकुले याने बेंझिनच्या सहा कार्बन अणूंचे बंद कडे सुचविले. चार वर्षांनी त्याचा सहकारी कोर्नर याने त्याच कड्यातील एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवून पिरिडीनची रचना मांडली. अशा वलयात इलेक्ट्रॉन कोणा एका बंधाचे बांधील नसतात. ते सबंध वलयाला मिळून धरून ठेवतात. म्हणूनच भट्टीच्या आगीत इतर रेणू मोडून पडतात, तेव्हा ही वलये टिकतात. या स्थैर्याला रसायनशास्त्र ॲरोमॅटिकता म्हणते. नायट्रोजन येताच त्या स्थैर्यात एक वेगळा गुण मिसळतो. पिरिडीनमध्ये नायट्रोजनाची इलेक्ट्रॉनांची एक जोडी वलयाच्या कामाला लागत नाही, ती बाहेर मोकळी राहते. त्यामुळे पिरिडीन आम्लाला धरते, धातूंना धरते. पिरोलमध्ये तीच जोडी वलय टिकविण्यासाठी खर्ची पडते, म्हणून पिरोल आम्लारी म्हणून जवळजवळ निकामी ठरते. नायट्रोजन एकच, परंतु घरात त्याची जागा कोणती यावर त्याचा स्वभाव ठरतो. सजीवसृष्टीने या गुणाचा पुरेपूर उपयोग केला आहे. रक्तातील लोहाला आणि हरितद्रव्यातील मॅग्नेशियमला पिरोलची चार वलये मिळून कवेत घेतात. आनुवंशिकतेची लिपी लिहिणारे डीएनएमधील चारही घटक नायट्रोजनयुक्त वलयांचेच आहेत.

भारताचा या वलयांशी संबंध डांबरातून आला नाही. तो आला हिवतापातून आणि निळीतून.

हिवतापावरचे कोयनेल हे सिंकोना वृक्षाच्या सालीतले द्रव्य. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलेत्ये आणि कावांतू यांनी ते शुद्ध रूपात काढले. क्विनोलीनचे वलय हा त्याच्या रेणूचा एक भाग आहे. दक्षिण अमेरिकेतील हा वृक्ष १८६० नंतर इंग्रज सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात लावला, आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीत एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली. तरीही साल किती येईल यावर औषध अवलंबून होते. कारखान्यात कोयनेल तयार करता येईल काय, हा प्रश्न लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ मध्ये हाती घेतला. रचना माहीत नसल्यामुळे त्याने केवळ अणूंची बेरीज-वजाबाकी केली. डांबरापासून मिळणाऱ्या एका द्रव्याचे दोन रेणू घ्यावेत, त्यांत ऑक्सिजन मिळवावा, पाणी वजा करावे. कागदावर कोयनेलचे सूत्र बरोबर जमत होते. नळीत मात्र तपकिरी गाळ उरला. तोच प्रयोग अॅनिलीनवर केला तेव्हा काळा गाळ आला. अल्कोहोलने भांडे धुताना त्यातून सुंदर जांभळा रंग उतरला. हा पर्किनचा माव्ह रंग. त्याच्याही गाभ्यात नायट्रोजनयुक्त वलय होते. पण हे पर्किनला कळणे शक्य नव्हते. त्याच्या रंगातील घटकांची नेमकी रचना १९९४ मध्ये निश्चित झाली. कोयनेलचा सांगाडा पूर्णपणे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

इंग्लंडने रंग शोधला आणि जर्मनीने त्यामागचे शास्त्र उभे केले. त्याचा परिणाम सर्वांत आधी भोगावा लागला तो भारतातील निळीला.

नीळ ही शतकानुशतके भारताची ओळख होती. युरोपात तिला मिळालेले इंडिगो हे नावही या देशावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकात बंगाल आणि बिहारमध्ये तिची लागवड मळेवाल्यांच्या सक्तीने होऊ लागली आणि १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने त्याविरुद्ध बंड केले. त्याच दशकात जर्मनीत अॅडॉल्फ बायर याने निळीच्या रेणूचा छडा लावण्यास प्रारंभ केला. १८६६ मध्ये त्याने निळीपासून उतरत्या क्रमाने इंडोल मिळविले; म्हणजे बेंझिनच्या वलयाला चिकटलेले पिरोलचे वलय. १८८० मध्ये त्याने प्रयोगशाळेत नीळ तयार केली आणि १८८३ मध्ये तिची रचना मांडली. परंतु प्रयोगशाळेतील नीळ बाजारात आणण्यासाठी आणखी चौदा वर्षे लागली. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या कंपनीने त्यासाठी सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च केले. अखेरीस मार्ग सापडला तो नॅफ्थालीनमधून. घराघरांतील कपाटात कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या त्याच द्रव्याच्या. नॅफ्थालीनवर प्रक्रिया मंद होत असे. एकदा भांड्यातील तापमापक फुटला, पारा आत सांडला आणि प्रक्रिया एकदम वेगाने पुढे सरकली. पाऱ्याचा हा गुण लक्षात घेऊन कारखाना उभारला गेला आणि १८९७ मध्ये डांबरापासून केलेली नीळ विक्रीस आली.

पुढील काही वर्षांत नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. येथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. नीळ संपली तर सक्तीने नीळ लावणारी रयत सुटेल, असे कोणालाही वाटेल. चंपारण्यात घडले ते उलटेच. तेथे तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातील तीन कठ्ठ्यांवर कुळाने मळेवाल्यासाठी नीळ लावलीच पाहिजे. निळीत नफा उरला नाही तेव्हा मळेवाल्यांनी कुळांना या बंधनातून मोकळे केले, पण मोकळे करण्याची किंमत वसूल केली. कोठे खंड वाढवून घेतला, त्याला शरहबेशी म्हणत; कोठे एकरकमी पैसे घेतले, त्याला तावान म्हणत. जर्मन कंपनीशी स्पर्धेत झालेले नुकसान अशा रीतीने बिहारच्या शेतकऱ्याच्या माथी आले. ज्याने इंडोल हा शब्द कधी ऐकला नव्हता, त्याने इंडोलच्या शोधाचे मोल चुकते केले.

एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारण्यात गेले. चौकशी झाली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली. या लढ्यातील मराठी माणसांचा वाटा मात्र फारसा आठवला जात नाही. तक्रारी नोंदवून भागणार नाही, गावात शाळा हवी, असे गांधीजींना वाटले. आणि स्वयंसेवकांसाठी त्यांनी केलेल्या आवाहनाला मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव गोखले धावून आले. अवंतिकाबाईंनी चंपारण्यातील खेड्यात मुलांना शिकविले आणि स्त्रियांत स्वच्छतेचे काम केले. भारत सेवक समाजाचे डॉ. देव आरोग्याचे काम पाहत होते. शाळेतील शिक्षकांजवळ औषधे मोजकीच असत: एरंडेल, खरजेसाठी गंधकाचे मलम आणि तापासाठी कोयनेल. निळीने पिळलेल्या त्या गावांत शाळेच्या कोनाड्यात कोयनेल होते. इंडोल आणि क्विनोलीन या दोन सख्ख्या वलयांची एवढी निकट भेट इतिहासात दुसरीकडे क्वचितच झाली असेल. एका वलयाने त्या घरांची जमीन गहाण पाडली होती आणि दुसरे त्या घरातील मुलांचा ताप उतरवीत होते. दोन्हींची झाडे भारताच्या मातीत वाढत होती. दोन्हींची रचना मात्र परदेशांतील प्रयोगशाळांत उलगडली होती.

हे अंतर भरून काढण्याचे प्रयत्न त्यानंतरच्या पिढीत सुरू झाले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. कापडगिरण्यांच्या या शहराला रंग लागत होते आणि रंग परदेशातून येत होते. १९३८ मध्ये प्रा. के. वेंकटरामन हे त्या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि रंगांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले भारतीय संचालकही वेंकटरामनच. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये ते पद मुंबईच्या त्याच विभागात वाढलेल्या डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे आले. टिळकांचा अभ्यासविषय विषमचक्रीय संयुगे, म्हणजे कार्बनच्या कड्यात परका अणू बसलेली वलये, हाच होता. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाकडे लक्ष वळविले.

डांबरातील वलयाचे सर्वांत मोठे देणे मात्र त्याच सुमारास मद्रासमध्ये सिद्ध झाले. पिरिडीनला कार्बनचे एक शेपूट जोडलेले असले की त्याला पिकोलीन म्हणतात. त्याच्या एका प्रकारापासून आयसोनिकोटिनिक आम्ल आणि त्यापासून आयसोनियाझिड हे औषध तयार होते. प्रागमध्ये मायर आणि माली यांनी १९१२ मध्ये ते प्रथम बनविले. पदवीच्या अभ्यासापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. चाळीस वर्षे ते कागदात पडून राहिले. १९५२ मध्ये तीन औषध कंपन्यांना जवळजवळ एकाच वेळी आढळले, की क्षयाच्या जंतूवर त्याच्याइतके परिणामकारक आणि स्वस्त औषध दुसरे नाही. क्षयजंतूभोवती मेणासारखे कवच असते. हे औषध ते कवच घडविण्याचे कामच बंद पाडते.

तोवर क्षय म्हणजे मिरज किंवा पाचगणीचे सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्महिने अंथरूण, असे समीकरण होते. ज्यांना हे परवडत नसे त्यांच्यासाठी काहीच नव्हते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथील रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना शहरातील दाटीच्या वस्तीत त्यांच्याच घरी ठेवून आयसोनियाझिड आणि त्याच्या जोडीचे औषध वर्षभर दिले गेले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अपुरे अन्न आणि कोंदट खोली असूनही घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या घरातील माणसांना अधिक लागण झाली नव्हती. जगातील क्षयोपचाराची पद्धत या निष्कर्षांनी बदलली. वलयाची रचना परदेशात कळली होती. पण गरीब माणसाच्या घरात ते वलय काय करू शकते, हे ज्ञान भारताने जगाला दिले.

त्याच १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. पोलादाबरोबर कोक-भट्टीतून डांबर, बेंझॉल आणि अमोनियम सल्फेट निघू लागले, आणि एके काळी जर्मनीला श्रीमंत करणारा कच्चा माल छत्तीसगडच्या भूमीवर तयार होऊ लागला. या डांबराची दुसरी बाजूही लपविता येत नाही. त्यात अनेक वलये एकमेकांस चिकटलेली संयुगे असतात आणि त्यांतील काही कर्करोगास कारण होतात. कोक-भट्टीच्या वाफा माणसाला कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने मान्य केले आहे. भट्टीच्या माथ्यावर, धुरात आणि धगीत उभे राहून झाकणे बसविणाऱ्या कामगाराने हे ज्ञान पुस्तकातून मिळविलेले नसते. चंपारण्यातील कुळाप्रमाणे तोही रचनेचे मोल शरीराने चुकविणाऱ्यांपैकी एक. भट्टीच्या दारांची गळती रोखणे, तोंडावर योग्य मुखवटा असणे आणि नियमित आरोग्य तपासणी होणे ही त्या ज्ञानाचीच परतफेड होय.

काळ पुढे गेला आहे. पिरिडीनसाठी जगाला आता डांबराची वाट पाहावी लागत नाही. अॅसिटाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांच्यापासून ते मोठ्या प्रमाणावर तयार होते. उत्तर प्रदेशात गजरौला येथे उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून ते बनविले जाते आणि भारत आज पिरिडीनच्या प्रमुख उत्पादकांत गणला जातो. ज्या देशाने निळीच्या एका वलयापायी आपली बाजारपेठ गमावली, त्याच देशातून त्याच कुळातील दुसरे वलय जगभर जाते. या दोन टोकांच्या मध्ये साधारण शंभर वर्षे आहेत, आणि ती मुख्यतः वर्गखोल्यांत आणि प्रयोगशाळांत गेली आहेत.

अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर षट्कोन काढून त्याच्या एका कोपऱ्यात नायट्रोजनचे अक्षर लिहिले जाते, तेव्हा ते चित्र परीक्षेपुरते वाटणे स्वाभाविक आहे. नंदिनीच्या खाणीत किंवा भिलाईच्या भट्टीवर ज्यांचे वडील-आजोबा राबले, त्या विद्यार्थ्यांना ते चित्र आपल्या घरातील म्हणून ओळखता यावे. आजोबांच्या कपड्यांना येणारा डांबराचा वास, तापात दिलेले कडू औषध, क्षयाच्या गोळ्यांची पाकिटे आणि आजीच्या लुगड्याचा निळा रंग या साऱ्यांच्या मुळाशी अशीच वलये आहेत. अवंतिकाबाई मुंबईहून चंपारण्यात गेल्या त्या खेड्यातील मुलांना अक्षरे शिकविण्यासाठी. आता त्या अक्षरांत हे एक अक्षरही आले आहे.